काळदूताचा बळी

पडद्यावर काळदूताने एका म्हाताऱ्याचा गळा धरला, आणि वसुधाचा घास हातातच राहिला. त्या म्हाताऱ्याच्या गळ्यात तिच्या सासऱ्यांचा, अप्पांचाच तपकिरी मफलर होता.

ही मालिका प्रत्येक घरात वेगळी दिसायची. बघणाऱ्यांच्या काळजाचे ठोके टिपून टीव्हीच बळी निवडायचा. आपल्या मनातलं उघडं पडलं, या धास्तीने तिने नवऱ्याकडे, श्रीरंगकडे पाहिलं. तो ताटात बघत होता. मग तिला आठवलं, खोलीतल्या सगळ्यांच्या मनात आल्याशिवाय काळदूत कुणाला मारत नाही.

श्रीरंगने घाईघाईने रिमोट उचलला.

दोघांच्या मधे जेवत बसलेल्या अप्पांनी गळ्यातला मफलर सारखा केला.

"राहू दे रे," ते म्हणाले. "कधी नव्हे ते आपल्या तिघांचं जमलंय."