आभाळाला सोडलेल्या मेंढ्या

मुलांनो, घटकाभर मेंढी व्हा. पोटात कालपासून काही नाही. खुराखाली गवत आहे, ते दिसतेही आहे. पण त्याच्यावर चार बोटे जाडीचा बर्फ आहे, काचेसारखा कडक, आणि तुमचा खूर त्यावरून नुसता घसरतो आहे. तोंड लावावे तर ओठ सोलून निघतात. आता मान वर करा. नजर पोचेल तिथवर हेच.

मंगोलियाच्या माळावर दामदिनच्या मेंढ्या अशाच उभ्या होत्या. आधी बर्फ पडला होता, त्याचे कुणाला काही वाटले नाही. भुसभुशीत बर्फ उकरून खाणे तिथली मेंढी आईच्या पोटातूनच शिकून येते. पण मग ऐन हिवाळ्यात पाऊस आला आणि सकाळपर्यंत सगळे गोठून गेले. असा हिवाळा दामदिनच्या वडिलांनी उभ्या आयुष्यात एकदा पाहिला होता. दामदिनची लेक सोलोंगो नऊ वर्षांची होती आणि तिचा हा तिसरा.

शेजारचा ल्हाग्वा मोटारसायकलवरून आला. खारा चहा हातात घेऊन शेगडीपाशी बसला.

"उत्तरेकडं कळप हलवावा म्हणतो," दामदिन म्हणाला.

"हलव की. तिकडचा बर्फ इथल्यापेक्षा गुळगुळीत आहे. मेंढ्या घसरगुंडी खेळतील."

दामदिन हसला नाही. "मग एकच उरलं. ज्या अशक्त झाल्यात त्या उद्या सकाळी कापायच्या. गंजीतलं गवत राहिलेल्यांना."

सोलोंगो शेगडीत शेणी सारत होती. तिने ऐकले.

त्यांच्या कळपात एक म्हातारा एडका होता. त्याच्या गळ्यात निळी रेशमी पट्टी होती. आजोबांनी त्याला आभाळाला सोडले होते. पट्टीवाल्या जनावरावर सुरी चालवत नाहीत, ते विकत नाहीत, त्याची लोकरही कातरत नाहीत. ते आपल्या मरणाने मरते.

सणाला वडीलधाऱ्यांच्या हातावर ठेवायचा निळा शेला पेटीत होता. सोलोंगोने तो काढला आणि फाडला. आईबाबा ल्हाग्वाला निरोप देत उभे होते तेवढ्यात ती मेंढवाड्यात शिरली. एकेका मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत गेली. जिच्या लोकरीखाली हाड लागले, तिच्या गळ्यात पट्टी बांधली. पट्ट्या कमी पडल्या तेव्हा त्या आणखी अरुंद फाडल्या. अशक्त अशी एकही सुटली नाही.

सकाळी दामदिन सुरी घेऊन आत गेला आणि तसाच उभा राहिला. पाठोपाठ सोलोंगोची आई, हांदा, आली.

"पोरखेळ आहे हा," ती म्हणाली. "फेडून टाक."

"बांधलं ते बांधलं."

"कुणाच्या नावानं बांधलं? आभाळाच्या ना? त्याच आभाळानं पाऊस पाडलाय."

"आभाळानं शब्द मोडला म्हणून मी मोडू?"

हांदाने जवळच्या मेंढीच्या गळ्यातली पट्टी चाचपली. मग हळूच म्हणाली, "तुझे बाबा म्हणायचे, ज्यानं बांधली त्यानं स्वतः फेडली तर दोष नाही."

"ते तिला कुणी सांगायचं नाही. लहान आहे ती."

दामदिनने सुरी परत खोचली आणि गवत आणायला गेला. भिंतीआड उभ्या असलेल्या सोलोंगोने तेही ऐकले. पण त्याचा तिने तेव्हा विचार केला नाही. सगळ्या मेंढ्या खात होत्या आणि तिला गाणे म्हणावेसे वाटत होते.

मग रोज तसेच चालले. पट्टीवालीला मूठभर, बिनपट्टीचीला मूठभर. गंजी बसत चालली. सोलोंगो रोज मेंढ्यांच्या पाठीवरून हात फिरवी. पहिल्यांदा तिला वाटले, आपल्यालाच भास होतो आहे. मग तिने हातमोजा काढून पाहिले. आता हाडे सगळ्यांचीच लागत होती.

"बाबा, गंजी कधीपर्यंत पुरेल?" तिने विचारले.

"नव्या वर्षाच्या सणापर्यंत."

"आणि हा बर्फ?"

"तो सणानंतर बरेच दिवस राहील."

"निम्म्यांनाच घातलं तर?"

दामदिनने तिच्याकडे पाहिले नाही. हातातले गवत तो उगीच सारखे करत राहिला. "तर निम्म्या नवं गवत बघतील. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"तुझ्या आजोबांनी नक्की म्हणून सांगितलं असतं. त्यांना आभाळ कळायचं. मला नाही कळत गं."

तो पुढचा भारा आणायला गंजीकडे गेला. जाताना त्याने मागे वळून पाहिले नाही.

सोलोंगो मेंढ्यांत शिरली. तिच्या हातात काहीतरी असेल म्हणून त्या तिच्याभोवती गोळा झाल्या. पट्टीवाली एक मेंढी सर्वांत आधी आली होती. सोलोंगोने तिची मान छातीशी धरली आणि गाठ सोडू लागली. गाठ गोठून खडा झाली होती, बोटांना दाद देईना. तेव्हा तिने ती गाठ तोंडात धरली आणि मऊ होईपर्यंत धरून ठेवली.