टाकीतली हवा

साहेब, हवेच्या टाक्या न तपासताच तुम्ही सही ठोकलीत. तुमच्या बचाव पथकातली माझी पोरगी आज सरावाला धरणाच्या तळाशी उतरणार, म्हणून तिची बॅग मी भरत होतो. मास्क ठेवला, पायात घालायचे रबरी पंखे ठेवले, मग टाकीचा व्हॉल्व्ह जरा फिरवून हवा हुंगली. नागापूरच्या कारखान्यात वीस वर्षं कॉम्प्रेसरवर काढलीत मी. हा कॉम्प्रेसरमधल्या जळक्या तेलाचा वास होता. ही हवा खोल पाण्यात छातीत गेली, की माणूस तिथंच बेशुद्ध पडतो. "पप्पा, सगळ्यांना असलीच दिलीय. मी एकटीच नको म्हणले तर पोरं हसतील," ती म्हणाली. "हसू देत," म्हणत मी टाकी रिकामी केली. पण तोवर पथकाची जीप बाकीच्या पाचजणांना घेऊन गेली. फोन ठेवू नका, साहेब. त्या पोरांना काठावर थांबवताय का नाही?