मुठीवरची जागा

शेफिल्डच्या रविवारच्या जुन्या बाजारात मी सुतारकामासाठी स्वस्तातली पटाशी शोधत होते. मेव्हिस आजींच्या टेबलावरून गुळगुळीत, कोऱ्या मुठीची एक उचलली.

"ती नको गं पोरी," आजी म्हणाल्या. "मुठीवर एकाचंही नाव नाही. म्हणजे कुठल्याच सुताराला ती आपली म्हणावीशी वाटली नाही."

त्यांनी झिजून आखूड झालेली दुसरी पटाशी माझ्या हातात दिली. तिच्या मुठीवर एकाखाली एक तीन नावं ठोकलेली होती. शेवटचं होतं क्लिफर्ड.

"हे आमचे. सकाळपासून दोन गिऱ्हाइकांना हाकललं. नावं घासून जातील का, विचारत होते मेले!"

मी भीतभीत किंमत विचारली. आजींनी कोऱ्या पटाशीपेक्षाही कमी सांगितली.

"एवढी स्वस्त कशी हो?"

"ह्यांच्या वर नाव आहे ना, त्या एर्नेस्टनं ह्यांनाही अशीच दिली होती, जवळजवळ फुकट. त्याचे उपकार मी आता कुठं जाऊन फेडू?"

असं म्हणत आजींनी पिशवीतून हातोडी आणि अक्षरांचे पोलादी ठसे काढले.

"ह्यांच्या खाली जागा आहे बघ. बोल, नाव काय तुझं?"