अर्ध्यावरची ललकारी

माझ्या लेकीच्या, नजातच्या गळ्यात जन्मापासून खजुराएवढी गाठ होती. लग्नघरी ती जीभ नाचवत आनंदाची ललकारी द्यायची, तेव्हा गाठही नाचायची. गाठ वाढली म्हणून काढली. “अशा गाठीत क्वचित कर्करोग निघतो, तपासू,” डॉक्टर म्हणाले. असवानच्या इस्पितळात ओसरीवर आम्ही मायलेकी निकालाची वाट बघत होतो. जावई रश्वान कागद घेऊन आला. नर्सने त्याची पाठ थोपटली. सुटलो, असं वाटून मी ललकारी दिली. कारण न विचारता ओसरीवरच्या साऱ्या बायांनी ती उचलली. “हाज्जा, गप्प बसा! कर्करोगच निघालाय!” रश्वान माझ्यावर ओरडला. बाया थबकल्या. “यम्मा, अर्ध्यावर तोडली तर अपशकुन होतो, तूच म्हणतेस ना? मग पुरी करायला माझी सासू येणार?” म्हणत नजातने फाटक्या आवाजात ती पुढे नेली. गळ्याच्या पट्टीखाली गाठ नव्हती. तरी मला काहीतरी हलताना दिसलं.