बाहेरचं रक्त

महादेवरावांच्या हृदयाचं ऑपरेशन शहरात, धंतोली भागातल्या दवाखान्यात ठरलं आणि रक्त द्यायला माणसं पाठवा, असा निरोप गावात गेला. सगळ्यांच्या आधी हजर झाला तो त्यांचा धाकटा भाऊ गुलाबराव. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं असं बिनसलं होतं, की घरच्या लग्नांतही त्यांनी एकमेकांच्या मांडवात पाय ठेवला नव्हता.

पण डॉक्टर सुरुचींनी त्याचं रक्त घेतलंच नाही. "ऑपरेशनच्या वेळी हृदयाचं आणि फुप्फुसाचं काम करणारं आमचं नवं मशीन अगदी छोटं आहे," त्यांनी महादेवरावांच्या बायकोला, भागीरथाबाईंना समजावलं. "नळ्या आखूड, त्यांत भरायचं सलाईन कमी, त्यामुळे रक्त फारसं पातळ होत नाही. बाहेरचं रक्त बहुतेक लागणारच नाही."

गुलाबराव वर केलेली बाही खाली ओढत उठला. त्याचा उतरलेला चेहरा भागीरथाबाईंना बघवेना.

"जाऊ नका, भाऊजी."

"आता माझं काय काम हाये इथं, वहिनी?"

"हाये. बसून राहा."

ऑपरेशन उत्तम झालं. रक्त खरंच थेंबभरही लागलं नाही. शुद्धीवर आलेल्या महादेवरावांना दाराशी उभा असलेला भाऊ दिसला आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"हा काहून आला इथं?"

राऊंडवर आलेल्या डॉक्टर सुरुचींना भागीरथाबाईंनी डोळ्यांनीच गप्प केलं आणि नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी केली.



"हळू बोला जी. दोन बाटल्या रक्त चढलं तुमाले, ते भाऊजींचंच. आता त्यायले शिव्या द्याल, त कळ तुमच्याच छातीत येईन."