रजेचं कारण

कोकरेसाहेब, कंपनीच्या शतशब्दकथा स्पर्धेला तुम्ही विषय दिलात, 'मनात दडवलेलं'. भाग घेणं ऐच्छिक म्हणे, पण न लिहिणाऱ्यांची नावं तुम्ही रोज सकाळी ग्रुपवर टाकता, आणि आज त्यात माझं एकटीचं नाव उरलंय. माझ्याकडं दडवलेली एकच गोष्ट होती. ती तर तुम्ही साऱ्या ऑफिसापुढं वाचून मोकळे झालात. तरी हवीच असेल तर घ्या, मोजून शंभर शब्द. हेही मोठ्यानं वाचा.

आमच्याकडं रजा हवी असली की 'दहाव्याला जायचंय' म्हणायचं. त्यापुढं कुणी खोदून विचारत नाही. बारामतीच्या दवाखान्यात मूल व्हावं म्हणून माझे उपचार चालले होते. ते ऑफिसात कळू नयेत म्हणून मी अंथुर्ण्याचे दोन चुलते आणि सांगवीची एक आत्या मारली. त्यावर तुम्ही अर्जात दोन नवे रकाने काढलेत: मयताशी नातं, मयताचं नाव. "आपण एक फॅमिली हाय, लपवायचं कशाला?" म्हणत प्रत्येक अर्ज सगळ्यांसमोर वाचू लागलात. मार्चमध्ये पुन्हा चार दिवसांचा अर्ज दिला. "आता कोण गेलं गं?" तुम्ही हसलात आणि मोठ्यानं वाचलंत. "मयताशी नातं, आई." मग ओरडलात, "तुझी आई काल गेटवर डबा द्यायला आलेली!" "माझी आई न्हाय, साहेब. मीच आई. पुढं नाव वाचा." रकान्यात लिहिलं होतं, 'ठेवायचं राहिलं.'