वाऱ्याला वाट

समुद्राकडच्या बाजूची दोरी तटकन तुटली, तेव्हा केसर शिडीवरच होती. तिने दोन्ही हातांनी प्लास्टिकचा कागद गच्च धरला, पण वारा आत शिरला होता. अख्खं हरितगृह फुग्यासारखं फुगलं. जमिनीत हातभर पुरलेले बांबू कुरकुरायला लागले.

दुपारचे तीन वाजले होते, पण दिवेआगरच्या त्या वाडीत दिवेलागणीसारखा अंधार होता. ऑक्टोबरातलं हे वादळ किनाऱ्याला धडकणार नाही, बाजूने निघून जाईल, असं सकाळी बातम्यांत सांगितलं होतं. बाजूने जाणाऱ्याचाही धक्का एवढा असतो, हे कोणी सांगितलं नव्हतं.

तिचा नवरा अनंता ओटीवर बसून बघत होता.

पाच वर्षं तो असाच बसून होता. 'निसर्ग' वादळात त्यांची दोनशे सुपारीची झाडं एका दिवसात आडवी झाली. पंचनामे झाले, शेजाऱ्यांनी नवी रोपं लावली. अनंताने लावली नाहीत. दुसऱ्याच्या वाडीत मजुरीला जायचा, नारळ पाडायचा, घरी येऊन ओटीवर टेकायचा. स्वतःच्या वाडीत मात्र पाऊल टाकायचा नाही.

म्हणून हरितगृह केसरने एकटीनेच उभं केलं. पनवेलला नोकरी करणारी तिची लेक सोनल फोनवर व्हिडिओ पाठवायची, ते बघून केसर काम करायची. पश्चिमेला जांभ्याच्या चिऱ्यांची कमरेएवढी भिंत घातली, खारा वारा अडवायला. वर बांबूच्या कमानी आणि त्यांवर जाड कागद. गरम हवा निघून जावी म्हणून माथ्याला फट ठेवली. एक लहानसं सोलरचं पॅनेल बसवलं. त्यावर दोन पंखे आणि पाण्याचा छोटा पंप चालायचा. ऊन जितकं कडक, तितके पंखे जोरात. विजेचं एक युनिटही जळायचं नाही.

यंदाच्या पावसाळ्यात, घाटावरून येणारी कोथिंबीर वाटेतच कुजत होती तेव्हा, केसरच्या वाफ्यांत ती टवटवीत उभी होती. पालक होता, मिरच्या होत्या, आता टोमॅटो लाल व्हायला आले होते. गल्लीतल्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. अनंता ताटातली भाजी मुकाट्याने खायचा. एकदा फक्त म्हणाला होता, "वाऱ्याच्या वाटेत घर बांधलंस." त्यानंतर तिने त्याला साधं पाण्याचं पिंप धरायलाही बोलावलं नाही.

पुन्हा झोत आला. एका कोपऱ्यातला बांबू वीतभर वर उचलला गेला.

अनंता उठला. आत जाऊन नारळाचा कोयता घेऊन आला.

"उतर खाली. कागद फाडतो."

केसरला आधी कळलंच नाही. कळलं तशी ती शिडीवरूनच किंचाळली, "हात लावू नका! तुमचं गेलं, म्हणून माजंबी जायला पायजे व्हय?"

कोयता धरलेला हात क्षणभर थांबला. तिच्या तोंडून गेलं ते तिलाही लागलं. पण मागे घ्यायला वेळ नव्हता.

"उतर, केसर," तो म्हणाला. "बांबू उपटले तर काय शिल्लक ऱ्हाणार न्हाय."

ती उतरली, ती त्याला अडवायला. तोवर त्याने समुद्राकडच्या अंगाला कोयता घातला होता. सरळ वरपासून खालपर्यंत. मग समोरच्या अंगाला. मग छपराला दोन ठिकाणी. आठ महिन्यांची मेहनत तिच्या डोळ्यांदेखत चर्रचर्र फाटत होती. वारा एका बाजूने आत घुसला आणि दुसऱ्या बाजूने निघून गेला. फुगलेलं हरितगृह खाली बसलं. बांबूंची कुरकुर थांबली.

अनंताने कोयता टाकला, पॅनेल सोडवून ओटीवर पालथं ठेवलं आणि वर आलेल्या बांबूला खांदा देऊन उभा राहिला. बराच वेळ केसर पावसात नुसती बघत होती. मग तिने दुसऱ्या कोपऱ्यातला बांबू धरला.

तासाभराने वारा पडला. कोथिंबीर झोपली होती, पालकाच्या चिंध्या झाल्या होत्या. पण टोमॅटो बरेचसे उभे होते. एकही कमान मोडली नव्हती. शेजारच्या सखुबाईंच्या गोठ्याचे पत्रे मात्र रस्त्यापलीकडे जाऊन पडले होते.

अनंता फाटलेल्या कागदाच्या कडा वितीने मोजत होता.

"नवा कागद लावताना कड्या घालू," तो म्हणाला. "वारा आला की सोडायचा, गेला की बांधायचा. फाडायला नको."

"घालू?" केसरने विचारलं. "तुमी येणार लावायला?"

तो चिऱ्यांच्या भिंतीवर बसला.

"त्या दिवशी मी दाराला पाठ लावून बसलो व्हतो," तो म्हणाला. "बाहेर एकेक झाड मोडत व्हतं. आवाज यायचा. मी आत बसून ऐकत व्हतो. सगळी मोडली, तरी बसूनच व्हतो."

केसर त्याच्याजवळ बसली. पाच वर्षं तिला वाटत आलं होतं, की नवरा झाडांचं दुःख करतोय.

अनंताने आपले ओले तळवे उलटसुलट करून पाहिले.

"आज हातून कायतरी झालं, केसर."